दिसतंय तोवर बोलवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मंत्रिमहोदय,



मी बीड जिल्ह्यात डोळ्यांची डॉक्टर आहे आणि डोळ्याच्या पडद्याचे आजार हे माझे रोजचे काम आहे. या पत्रात माझी मागणी एकच आहे. सरकारी दवाखान्यातून मधुमेहाच्या गोळ्या नेणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पडद्याचा फोटो वर्षातून एकदा निघाला पाहिजे, आणि तो गोळ्या घ्यायला येतो त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात निघाला पाहिजे. नजर कमी झाल्याची तक्रार घेऊन तो येईल, याची वाट पाहू नये. पत्र जाहीर लिहिते आहे, कारण आपल्याबरोबरच ज्यांच्या घरात शुगरच्या गोळ्यांचा डबा आहे त्यांच्याही हाती ते पडावे, अशी माझी इच्छा आहे.

डोळ्यांच्या बाबतीत आपल्या राज्याचे काम लहान नाही. 1976 साली देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगावच्या मोतीबिंदू शिबिरांनी किती म्हाताऱ्या माणसांना पुन्हा हिंडते-फिरते केले, ते मी जवळून पाहिले आहे. शिबिराची गाडी येते, ज्याला दिसत नाही तो गाडीत बसतो, नवी लेन्स बसवून घेतो आणि काळा चष्मा लावून घरी येतो. ही सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे दिसेनासे झाले की माणूस येईल. मोतीबिंदूपुरते ते बरोबर आहे. धूसर झालेली लेन्स काढून नवी बसवता येते, आणि वर्ष-दोन वर्षे उशीर झाला तरी बहुतेकांची नजर परत येते. पडदा मात्र बदलता येत नाही. मधुमेहाने पडद्याचा मधला भाग एकदा निकामी केला, की तो पूर्ववत करणारा उपाय आज जगात कुठेही उपलब्ध नाही. म्हणूनच मोतीबिंदूसाठी बांधलेल्या वाटेने आलेला मधुमेही आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आत काय घडते, ते थोडक्यात सांगते. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून असलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा मज्जापेशींचा थर. त्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या अतिशय बारीक असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. मग जुन्या झालेल्या ठिबकच्या नळीचे होते तसे होते. कुठे फुगवटा येतो, कुठे पाझर सुटतो, कुठे नळी चोंदून पुढचे रान कोरडे पडते. हे फुगवटे आम्हाला तपासणीत लाल ठिपक्यांसारखे दिसतात. वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला पडद्याचा जो मधला भाग लागतो, तिथे पाझर साचला की सूज येते आणि नजर मंदावते. ज्या भागाला रक्त पोचत नाही तो भाग व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडू लागतो, आणि त्यामुळे नव्या वाहिन्या फुटतात. पण त्या कच्च्या असतात. जोराच्या खोकल्याने, कधी कसलेही निमित्त नसताना, झोपेतसुद्धा त्या फुटतात आणि डोळ्यात रक्त भरते. पुढे त्यांच्यासोबत वाढलेले तंतू आकसतात आणि पडद्याला ओढून जागेवरून सुटा करतात.

या सगळ्या काळात दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. केंद्राजवळ सूज नसेल तर नव्या वाहिन्या फुटलेला माणूससुद्धा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. आमच्या भाषेत त्याची नजर 6/6 असते. शिवाय एक डोळा मंदावला तरी दुसरा भागवून नेतो, त्यामुळे घरातही कुणाच्या लक्षात येत नाही. साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलतो. मग माणूस चष्म्याच्या दुकानात जातो, नवी काच घेतो आणि डोळे दाखवून झाले अशा समजुतीत आणखी दोन वर्षे काढतो.

गेल्या वर्षी एक गिरणीवाले माझ्याकडे आले. वय बावन्न. सकाळी उठले तेव्हा उजव्या डोळ्यासमोर काळी जाळी होती आणि दुपारपर्यंत त्या डोळ्याला नुसता उजेड कळत होता. पिठाचा कण गेला असेल म्हणून घरच्यांनी पाण्याचे हबके मारून डोळा धुतला होता. सोबत प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत अकरा वर्षांचे कागद, तारखेप्रमाणे लावलेले. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन, दोन ईसीजी, पायाच्या जखमेचा एक केसपेपर. इतका शिस्तीचा रुग्ण क्वचित भेटतो. त्या अकरा वर्षांच्या कागदांत पडद्याबद्दल एक ओळ नव्हती. उजव्या डोळ्यात इतके रक्त होते, की आतले काही दिसत नव्हते. डाव्या डोळ्यात थेंब घालून बघितले तर तिथेही नव्या वाहिन्या फुटलेल्या. त्या डोळ्याने ते तक्ता खालपर्यंत वाचत होते. ‘हा तर चांगला हाय की, मॅडम,’ असे ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. डावा डोळा लेझरने सावरला. उजव्याची शस्त्रक्रिया शहरात जाऊन करावी लागली. त्या डोळ्याला आता समोर माणूस आहे एवढे कळते, कोण आहे ते कळत नाही. गिरणीचा पट्टा हल्ली त्यांचा मुलगा चढवतो. या माणसाने सांगितलेली प्रत्येक तपासणी केली होती. पडद्याची त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

असे रुग्ण किती असतील? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी 16.9 टक्के लोकांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा होत्या, आणि 3.6 टक्के लोकांचा आजार नजर घालवण्याच्या टप्प्यावर होता. आपण हा आकडा एका प्राथमिक आरोग्य केंद्रापुरता मांडून पाहावा. तिथे पन्नाशीपुढचे दोनशे मधुमेही नोंदलेले असतील, तर तेहतीस-चौतीस जणांच्या पडद्यावर खुणा असतील आणि ताबडतोब उपचार लागणारे सात जण असतील. फक्त सात. एवढ्यांना पुढे पाठवणे आणि एवढ्यांवर उपचार करणे आपल्या व्यवस्थेला जड नाही. अडचण इतकीच आहे, की दोनशेंपैकी ते सात कोण, हे फोटो काढल्याशिवाय कळत नाही. त्यांच्यातले काही जण आजही मोबाइलवरचा मेसेज चष्म्याशिवाय वाचत असतील.

आता हा आजार कुणाला होतो, त्याबद्दल. पहिले कारण काळ. मधुमेह जितका जुना, तितका धोका मोठा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 1980 च्या सुमारास सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात दिसले, की मधुमेहाला वीस वर्षे होईपर्यंत लहानपणीच इन्सुलिनवर गेलेल्या जवळजवळ सर्वांच्या आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या पडद्यावर खुणा उमटलेल्या असतात. उपचार आज अधिक चांगले आहेत, तरी काळाचा नियम बदललेला नाही. आपल्याकडे तर मधुमेह तिशी-चाळिशीत गाठतो, म्हणजे पडद्यावर घाला पडण्याची वेळ मुलांच्या शिक्षणाच्या आणि लग्नाच्या वयात येते. शिवाय प्रौढ वयातला मधुमेह निदानाआधी काही वर्षे गुपचूप असू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत पडद्याची पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर करायची असते. टाइप 1 च्या मुलांमध्ये ती निदानानंतरच्या पाच वर्षांत सुरू करतात.

काळ आपल्या हातात नाही, पण साखर आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात टाइप 1 च्या ज्या रुग्णांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्यावर पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे पुढच्या काळात दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी सांभाळलेल्या त्या वर्षांचा फायदा कित्येक वर्षे टिकला. उलट बाजूही खरी आहे. सुरुवातीची बेफिकिरी पुढे भोवत राहते. म्हणून नुकतीच शुगर निघालेल्या चाळिशीतल्या माणसाला मी म्हणते, की तुमच्या डोळ्यांचे भवितव्य येत्या पाच वर्षांत ठरणार आहे, साठीत नव्हे.

दुसरे कारण रक्तदाब, आणि याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाने 1998 साली दाखवून दिले, की मधुमेहींचा रक्तदाब नीट आटोक्यात ठेवला तर पडद्याचा आजार वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. रक्तदाबाची गोळी स्वस्त आहे आणि आपल्या दवाखान्यांत ती मिळते. पण आमच्या भागात ‘बीपीची गोळी एकदा सुरू केली की आयुष्यभर मागं लागते’ या भीतीने माणसे ती अधूनमधून सोडतात. साखरेसाठी जेवण बदलणारी, पहाटे उठून चालायला जाणारी माणसेही हे करतात.

बाकीची कारणे सांगताना मी शक्यतो समोरच्या माणसाकडे बघून बोलते, कारण प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते. लघवीतून प्रथिने जायला लागली असतील, म्हणजे मूत्रपिंडाला इजा सुरू झाली असेल, तर पडद्यालाही झाली असण्याची शक्यता मोठी असते. रक्तातली चरबी जास्त असेल तर धोका वाढतो. पंडुरोग असेल तरी वाढतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये तो किती आहे ते आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आधीपासून मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली, तर त्या नऊ महिन्यांत पडद्याचा आजार झपाट्याने पुढे जाऊ शकतो. पहिल्या तिमाहीतच तिचा पडदा पाहायला हवा. (फक्त गरोदरपणात साखर वाढली असेल तर ही तपासणी लागत नाही, हे सांगायला हवे, नाहीतर उगाच घबराट होते.) बराच काळ बेफाम असलेली साखर एकदम खाली आणली, की सुरुवातीचे काही महिने पडदा आणखी बिघडू शकतो. याचा अर्थ साखर उतरवू नये, असा नाही. उतरवण्याआधी डोळे पाहून घ्यावेत, एवढेच. आणि पायोग्लिटाझोन हे आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे औषध शरीरात पाणी साठवते. पडद्यावर सूज असलेल्यांना ते टाळावे लागते. गोळ्या देणारा डॉक्टर आणि डोळे पाहणारा डॉक्टर यांच्यात एका कागदाची देवाणघेवाण झाली, तर हे टाळता येते. आज तो कागद रुग्णाच्या पिशवीतच राहतो.

उपचारांबद्दल लोकांच्या मनात सर्वांत मोठी भीती लेझरची आहे. ‘अमक्यानं लेझर मारलं अन् डोळा गेला’ हे वाक्य मी सतत ऐकते. त्यामागचे कारण बहुतेकदा असे असते, की डोळ्यात रक्त आल्यावर, आजार शेवटाला गेल्यावर लेझर झाले, आणि नजर आजाराने गेली तरी दोष लेझरला लागला. लेझर हा जुना आणि कसाला उतरलेला उपचार आहे. अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचा पहिला अहवाल 1976 साली, म्हणजे आपला अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी आला. नव्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत लेझरने नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे त्यात सिद्ध झाले. बुबुळ सुन्न करणारा थेंब टाकतात, डोळ्यावर एक भिंग ठेवतात, रुग्ण यंत्रासमोर हनुवटी टेकून बसतो आणि पडद्याच्या कडेकडेच्या भागावर हजार-दीड हजार लहान ठिपके दिले जातात. लागले तर दोन-तीन बैठकांत. कडेच्या भागाची भूक कमी झाली, की व्हीईजीएफ ओसरते आणि नव्या वाहिन्या सुकतात. याची किंमत आहे. रात्रीची नजर थोडी कमी होते, बाजूचे दिसणे थोडे आकसते. मी ती रुग्णाला आधी सांगते. मधली नजर वाचवण्यासाठी कडेचा काही भाग द्यावा लागतो, हे समजल्यावर माणसे तयार होतात.

गेल्या वीसेक वर्षांत डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली आणि पडद्याच्या सुजेचा उपचार त्यांनी पार बदलून टाकला. ती व्हीईजीएफलाच अडवतात. पूर्वी लेझरने सुजलेल्या डोळ्यात आहे ती नजर टिकवता येत असे. इंजेक्शनांनी अनेकांची नजर सुधारते. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगाचे औषध, ते सर्वांत स्वस्त पडते. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही डोळ्यांसाठीच बनवलेली औषधे महाग. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती 2015 पासून मिळते, तिने भाव काहीसा खाली आला. 2015 सालीच अमेरिकेत या तिघांची समोरासमोर तुलना झाली. सूज असूनही नजर फारशी उतरली नसेल तर तिघांचा परिणाम सारखाच होता. नजर बरीच उतरली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. याचा अर्थ मी असा काढते, की रुग्ण लवकर आला तर स्वस्त औषधात काम भागते. उशिरा आलेल्याला महाग औषध लागते, आणि तरीही पुरते येत नाही. सरकारी तिजोरीसाठी याहून सरळ हिशेब मला दिसत नाही.

पण इंजेक्शन एकदा घेऊन संपत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, पुढे अंतर वाढवत, पहिल्या वर्षात सात-आठ वेळा यावे लागते. इथे मला माझ्या जिल्ह्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला गेलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असते. ती गावी परतते पाडव्याच्या आगेमागे. त्यांना मी ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगायचे कशाच्या जोरावर? नव्या वाहिन्यांसाठी लेझरऐवजी नुसती इंजेक्शने दिली तरी चालतात, असे शहरांतल्या चाचण्या सांगतात, आणि नियमित येणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र 2019 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातून आलेल्या अहवालात सहा महिन्यांहून अधिक काळ खंड पडलेल्या रुग्णांची तुलना होती. लेझर झालेल्यांपेक्षा फक्त इंजेक्शनांवर असलेल्यांचे डोळे खंडानंतर जास्त बिघडलेले होते, पडदा ओढून सुटण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. म्हणून फडावर जाणाऱ्या माणसाला नव्या वाहिन्या दिसल्या, की मी आधी लेझर करते, शक्यतो दसऱ्याच्या आत. जिल्ह्याच्या गावी लेझर यंत्र चालू आणि चालवणारा माणूस हजर असणे आमच्याकडे इतके मोलाचे का, हे मुंबईत बसून लगेच ध्यानात येणार नाही, म्हणून एवढे लांबवले.

ज्यांच्या डोळ्यात रक्त भरून राहिले आहे किंवा पडदा ओढला गेला आहे, त्यांच्यासाठी व्हिट्रेक्टॉमीची शस्त्रक्रिया आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट माखेमर यांनी ती रूढ केली. त्याआधी अशा डोळ्यांसाठी करण्यासारखे फार काही नव्हते. आज ती पुष्कळ सुरक्षित आहे, पण ती महाग आहे, मोठ्या शहरांत होते, आणि तिच्यापर्यंत कुणाला जावे लागूच नये, यासाठी हे पत्र आहे. सुजेवर इंजेक्शनांनी काम होत नसेल तर डोळ्यात स्टेरॉइडही देतात, मात्र त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो.

एक नवी बाब नोंदवते. फेनोफायब्रेट ही रक्तातल्या चरबीसाठीची जुनी, साधी गोळी. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातला पडद्याचा आजार पुढे जाण्याचे प्रमाण तिने 27 टक्क्यांनी कमी केले. मूत्रपिंडाची तपासणी करून ती द्यावी लागते. आपल्या तज्ज्ञांच्या समितीने तिचा विचार करावा, असे मला वाटते. कारण सुरुवातीच्या टप्प्यात रुग्णाच्या हातावर ठेवता येईल असे आमच्याकडे आजवर फारसे काही नव्हते. अर्थात तो टप्पा ओळखायला पुन्हा फोटोच लागतो.

मी मागते आहे ते कुठे झाले आहे का, असे आपण विचाराल. इंग्लंडने 2003 पासून मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. बारा वर्षांपुढच्या प्रत्येक मधुमेहीला बोलावणे जाते. अलीकडे कमी धोक्याच्या लोकांना दोन वर्षांतून एकदा. 2014 साली तिथल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमावत्या वयात येणाऱ्या अंधत्वाच्या कारणांमध्ये मधुमेही पडदा पन्नास वर्षांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली उतरला होता. मधुमेह तिथे कमी झाला नव्हता. जवळचे उदाहरण केरळचे. ‘नयनामृतम्’ या नावाने तिथे सरकारी कुटुंब आरोग्य केंद्रांतच पडद्याचे फोटो काढायला सुरुवात झाली. आणि अगदी आपले उदाहरण मुंबईचे. 2019 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झाला होता. मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने आरोग्य कर्मचाऱ्याने फोटो काढले, आणि मोबाइलमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेने, इंटरनेटशिवाय, पुढे कुणाला पाठवायचे ते सांगितले. दोनशेच्या आसपास रुग्णांचा तो अभ्यास, म्हणजे लहान. पण तिथे नोंदवलेली अचूकता तालुक्याच्या कामाला पुरेशी होती. आमच्या भागात दुपारी रेंज जाते, तेव्हा इंटरनेटशिवाय चालण्याला फार अर्थ आहे.

तेव्हा आपण करायचे ते असे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला एक कॅमेरा द्यावा आणि तो ठरल्या वारी भोवतालच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फिरावा. गोळ्या वाटपाचा वार आणि कॅमेऱ्याचा वार एकच असावा. फोटो काढायला डॉक्टर लागत नाही. नेत्र चिकित्सा अधिकारी आहेतच, पण परिचारिकेला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही हे शिकवता येते. म्हाताऱ्या माणसांची बाहुली लहान असते, मोतीबिंदू असतो, त्यामुळे काही फोटो धूसर येणार. अशांच्या डोळ्यांत थेंब घालून फोटो पुन्हा काढावा, आणि तरी नीट आला नाही तर त्यालाही पुढे पाठवावे. ‘फोटो आला नाही’ म्हणून सोडून देऊ नये. थेंबांनंतर चार-पाच तास धूसर दिसते, उन्हात डोळे दिपतात, मोटारसायकल चालवता येत नाही. हे आशाताईंनी आदल्या दिवशी सांगितले तर माणूस सोबत कुणाला तरी घेऊन येईल. नाहीतर तो थेंब न घालता निघून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

फोटो काढून ठेवून दिले तर मात्र हे सगळे न केलेले बरे. ज्यांना उपचार हवे आहेत त्यांची यादी त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात जावी, आणि यादीतला कोण आला, कोण आला नाही याचा जाब कुणा एका नेमलेल्या माणसाला द्यावा लागावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लेझर चालू असावे. बेव्हॅसिझुमॅबच्या एका कुपीतून अनेकांना मात्रा काढल्या जातात. ते काम निर्जंतुक व्यवस्थेतच व्हावे, कारण तिथे हयगय झाली तर एका दिवसात अनेक डोळे जातात. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत इंजेक्शनांचा हिशेब सुट्या इंजेक्शनागणिक न करता पुऱ्या उपचारागणिक व्हावा. दोन इंजेक्शने घेऊन पैशांअभावी थांबलेल्या रुग्णाची सूज परत येते, आणि मग ती दोनही वाया गेलेली असतात.

ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्या वाचकांना एक विनंती. सरकार करील तेव्हा करील, आपण या आठवड्यात जाऊन या. डॉक्टरांना ‘डोळे तपासा’ असे म्हणू नका, ‘थेंब घालून पडदा तपासा’ असे म्हणा आणि काय दिसले ते कागदावर लिहून घ्या. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडरच्या तारखा वाचून बघा, मग दुसरा झाका. रेषा वाकड्या दिसल्या, काळे ठिपके किंवा जाळी तरंगताना दिसली, तर त्याच दिवशी दाखवा. पण सगळे स्वच्छ दिसते म्हणून वर्षाची तपासणी चुकवू नका.

मंत्रिमहोदय, सुरुवात एका तालुक्यापासून करायची झाली तर बीड जिल्ह्यातला कोणताही तालुका निवडावा. तिथे निघालेले फोटो वाचायला आठवड्यातली एक दुपार मी मोबदल्याशिवाय देईन, आणि आणखी दोन सहकाऱ्यांनी माझ्याबरोबर तयारी दाखवली आहे. ऊसतोडीला जाणारे लोक दिवाळीपर्यंत गावात असतात. त्यांचे फोटो त्याआधी निघावेत, म्हणून निर्णय पावसाळा संपायच्या आत व्हावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक नेत्रतज्ज्ञ
जि. बीड